परत आलेली पाकिटं

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा हिशेब दोनदा वाचला. मसाल्यात नफा दिसतोय, तरी पगाराच्या दिवशी आईपुढे हात पसरावा लागतो, असं तू लिहिलंस. तुझी आकडेमोड चुकलेली नाही. नफा वहीत आहे आणि पैसा दुकानदारांच्या फळीवर.

मिरची तू वाशीच्या मसाला मार्केटातून उचलतेस, रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर. व्यापारी पंधरा दिवसांत पैसे मागतो. माल तुझ्याकडे सरासरी ३० दिवस पडून असतो, दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देतो. दोन्ही मिळून ७५, त्यातून १५ गेले, म्हणजे ६० दिवस तुझा पैसा अडकलेला. रोजचा खर्च १०,००० धरला तर सहा लाख. एवढं तुझं खेळतं भांडवल. विक्री दुप्पट झाली की बारा लाख लागतील. ते कुठून येणार हे न बघता लोक ऑर्डरी घेत सुटतात आणि भरल्या धंद्यात बुडतात. त्यात जीएसटी बिलावर लागतो, वसुलीवर नाही. दरमहा रिटर्न भरत असशील तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो भरावाच लागतो, दुकानदाराचे पैसे आलेले असोत वा नसोत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसशील तर याच आठवड्यात कर, फुकट होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कोपऱ्यावरच्या वाण्याला हा कायदा दाखवू नकोस, संबंध तुटेल. मोठ्या साखळी दुकानांना मात्र जरूर दाखव.

आता मला मुळात जे सांगायचंय ते. मी ज्या कंपनीत हिशेब सांभाळायचो, तिथे दर मार्चएंडला स्टॉकिस्टांच्या, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्यांच्या, गोदामात माल कोंबला जायचा. आकडा फुगायचा, सगळे खूश. मग जून-जुलैत तयार पिठाची पाकिटं परत यायची. एका वर्षी ती सगळी मी ‘डॅमेज-एक्सपायरी’त टाकून सही केली. एकही पाकीट उघडून पाहिलं नाही. पुढे कळलं, सील सैल होतं आणि पावसाळी हवेत पिठाच्या गुठळ्या होत होत्या. गिऱ्हाइकांनी तक्रार केलीच नव्हती. पुढच्या खेपेला त्यांनी दुसऱ्या कंपनीचं पाकीट उचललं, एवढंच. ती सही मला अजून सलते.

म्हणून परत आलेल्या मालाचं खातं वेगळं ठेव आणि प्रत्येक पाकिटापुढे कारण लिही. तुझ्या गोदामातून माल निघाला ती अर्धीच विक्री. त्याच दुकानातून दुसरी मागणी किती दिवसांनी आली, ते वहीत टिप. उधारी कुठे लांबतेय तेही त्याच पानावर दिसेल, कारण ज्याच्याकडे माल हलत नाही तोच पैसे द्यायला टाळतो.

शनिवारी संध्याकाळी जांभळी नाक्यावरच्या एखाद्या दुकानात तासभर उभी राहा. बायका पाकीट उलटून काय वाचतात ते बघ. कळव्या-ऐरोलीच्या आगरी घरांत तुझा मसाला जातो, तिथे ‘आवडला का?’ असं विचारू नकोस. तोंडावर सगळे हो म्हणतात. ‘रश्श्याला तवंग आला का? नेहमीपेक्षा मसाला कमी घालावा लागला की जास्त?’ असं विचार. स्वयंपाक करणारी बाई याचं उत्तर नेमकं देते. पाकिटावर तक्रारीसाठी फोन नंबर छापणं कायद्याने बंधनकारक आहेच. तो फोन निदान पहिली दोन वर्षं तू स्वतः उचल.

रविवारी सकाळी ये. येताना परत आलेली पाकिटं आण, फोडलेली असली तरी चालतील. वही नंतर बघू.

तुझा,
काका