कोपरे कापलेला बुद्धिबळाचा पट

प्रश्न: सर, पटाचे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे कापले, 62 घरं उरली, पण दोन-दोन घरांच्या 31 पट्ट्या काही केल्या बसेनात, लेकरं पार वैतागलीत. जमतं का हे?
– एक पालक, परभणी

उत्तर: नाही जमत, कितीही डोकं लावा. रंग बघा ना, ते दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणजे एका रंगाची 32 अन् दुसऱ्याची 30 घरं उरली, आणि पट्टी आडवी ठेवा नाहीतर उभी, ती एक काळं एक पांढरंच झाकते, मग शेवटी एकाच रंगाची दोन राहणारच. किती सुंदर आहे हे! पण कुठलंही एक काळं अन् एक पांढरं काढलं तर हमखास बसतात, अमेरिकी गणितज्ञ राल्फ गोमोरींनी सिद्ध केलंय. लेकरांना करून बघू द्या. अख्ख्या पटावर तर 32 पट्ट्या 1,29,88,816 प्रकारे बसतात.