सगळ्यांचं झालं की मग ताईचा नंबर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं:

"मावशी, माझी मोठी ताई चार वर्षांपासून राजस्थानात फलोदीला राहते. भाऊजी भडल्याच्या सोलर प्लांटवर कामाला आहेत. माहेरचं कोणीच अजून तिच्या घरी गेलं नाही. या उन्हाळ्यात नक्की येते, असं मी कबूल केलं होतं. पण मे महिना माहेरी आणि नणंदेच्या लग्नात गेला, मग पंधरा दिवस पुण्याला दिराकडे राहिलो. आता शाळा उघडायला बाराच दिवस उरले. थोरला आठवीत जाईल, धाकटी चौथीत. दोघंही थकली, म्हणतात वाळवंटात पाहायला काय आहे? हे म्हणतात, मृग लागला, वावर सोडून कुठं जाऊ? भाऊजी तिकिटं मी काढतो म्हणाले, तर ह्यांना ते लागलं. शेवटी ताईला फोन करून पुढच्या वर्षी येते म्हटलं, तर ती एवढंच बोलली, 'सगळ्यायचं झालं की मंग माह्या नंबर लागते काय व?' तेव्हापासून फोन उचलत नाही. जाण्यायेण्यातच चार दिवस जातील. जावं का?"

जा, पोरी. आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे बाकीचं वाचताना जीव टांगणीला राहायचा नाही.

ताईच्या त्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडकून बसले होते. किती दिवस राहशील, हे तिनं विचारलंही नाही. माहेर झालं, लग्न झालं, पुणं झालं. मग उरलेले दिवस, उरलेले पैसे आणि उरलीसुरली ताकद तिच्या वाट्याला आली, आणि तीही तू पुढच्या वर्षावर ढकललीस. हे तिला लागलं. खरं सांगू, तिचं बरोबर आहे. पुण्याच्या पंधरा दिवसांचे दहा करता आले असते. हे तुलाही कळलंय, नाहीतर तू पत्र लिहिलं नसतंस.

मी हे कोणत्या तोंडानं सांगते ते ऐक. नव्वदच्या दशकात माझी धाकटी बहीण बाडमेरकडच्या एका गावात राहायची, तिच्या मालकांची नोकरी तिकडे होती. मीही अशीच सुट्टीच्या शेवटी गेले. सोबत दोन लेकरं, त्यातलं एक तापानं फणफणलेलं. तीन दिवसांतला दीड दिवस मी झोपून काढला. तिच्या अंगणात टांका होता. जमिनीखाली बांधलेली पाण्याची टाकी ती. भोवतालची जमीन उताराची आणि झाडून स्वच्छ ठेवलेली, तिला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी तिच्यावरून वाहत येऊन टांक्यात साठतं, आणि तेच पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. झाकणाला कुलूप असतं. जून संपत आलेला, पाणी तळाला गेलेलं. आणि मी गेल्या गेल्या लेकरांना दोन-दोन बादल्यांनी आंघोळ घातली!

बहीण काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा ती टांक्यात बादली सोडत होती. दोर हातभर, आणखी हातभर खाली जात राहिला, आणि मग बादली तळाला घासल्याचा आवाज आला. वर आलेलं अर्धी बादली पाणी तिनं पातळ फडक्यातून गाळलं, झाकून माझ्या लेकरांसाठी बाजूला ठेवलं, आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून चुलीपाशी बसली. मी मात्र बाजेवर उठून बसले आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर तिकीट कन्फर्म झालं का ते पाहायला भाऊजींना स्टेशनावर धाडतेस का? आज तीस वर्षांनीही बादली घासल्याचा तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

म्हणून तू गेलीस की आधी ताईचं पाणी बघ. फलोदी 2023 पासून जिल्ह्याचं ठिकाण आहे, शहर आहे, नळ असेल. पण तो कधी येतो, कुठं भरून ठेवते, कपडे कोणत्या दिवशी धुते, हे तिला विचार आणि तिच्या बरोबरीनं भर. आपल्या यवतमाळकडे वर्षाला 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, थरच्या वाळवंटात पश्चिमेकडे 200 च्या आतबाहेर. श्रावणात एखादी झड चांगली लागली तर आठवड्याभरात आपल्याकडे तेवढं पडून जातं. बरं, तो पाऊसही तिकडे जुलै लागल्याशिवाय पोचत नाही. तू जाशील तेव्हा इकडे आभाळ भरून आलेलं असेल आणि ताई अजून धूळच झटकत असेल. चार वर्षं तिनं हे सगळं एकटीनं शिकून घेतलंय. भाऊजी पाळीवर गेले की दिवसभर घरात ती आणि ती धूळ. तिचं घर कसं चालतं, हे माहेरच्या एका माणसानं डोळ्यांनी पाहावं, एवढीच तिची भूक आहे असं मला वाटतं.

तेव्हा जैसलमेरचा किल्ला, उंटाची सफारी यातलं काही या खेपेला ठरवू नको. चार दिवस मिळाले तर चारही तिच्या स्वयंपाकघरात बसून काढ.

आता घरच्यांचं. तुझे मालक खोटं बोलत नाहीत. मृगात कास्तकाराला वावर सोडता येत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण तेवढा पाऊस कोणत्या रात्री पडून जाईल ते कोणी सांगावं? त्यांना राहू दे, आणि राग न धरता राहू दे. थोरल्यालाही बापाजवळ ठेव, सरकी टोबायला तेवढाच एक हात. धाकटी हो म्हणाली तर तिला ने, नाहीतर एकटी जा. बहिणीकडे एकटं जाण्यात काही कमीपणा नाही. बी-खताच्या महिन्यात चारऐवजी एक-दोनच तिकिटं लागली तर घरावर ओझंही तेवढं पडणार नाही. पैशाचं म्हणशील तर जायचं तिकीट तुम्ही काढा, परतीचं भाऊजींना काढू दे. दोघं साडूसाडू आहेत, दोघांचाही मान राहील. हे तू स्वतः बोल, पुरुषांवर सोडलंस तर दोघंही गप्प बसतील आणि तुझं जाणं तिथंच अडेल.

उन्हाची भीती तुला मी काय सांगू? फलोदीला 19 मे 2016 ला 51 अंश नोंदले गेले, देशातलं आजवरचं सर्वांत जास्त. पण 45-46 मध्ये कापसाच्या पऱ्हाट्या उपटणारी माणसं आपण. डोक्याला दुपट्टा, सोबत गूळ आणि पाणी, दुपारी बाराच्या पुढं घराबाहेर पाऊल नाही. फक्त तिकडे आंधी येते, तेव्हा खिडक्या लावून घे आणि पाण्याची भांडी झाक.

धाकटीला विचार, दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, ते झाड कधी नीट पाहिलंस का? तिकडे त्याला खेजडी म्हणतात. त्याच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, त्या वाळवून वर्षभर भाजी करतात. जोधपूरजवळच्या खेजडली गावात 1730 साली राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह 363 माणसांनी जीव दिला. वाळवंटात काय आहे, याचं उत्तर पोरीला मावशीच्या गल्लीतच मिळेल. ते तिला मावशीकडूनच ऐकू दे.

नेताना मिठाई नेऊ नको, बिकानेर तिथून फार लांब नाही. जवसाची चटणी ने, येसर ने, सांडग्या मिरच्या ने, ज्वारीचं पीठ ने. नवं लोणचं अजून मुरलेलं नसेल, तरी एक बरणी ने, तिच्या घरी मुरू दे.

फोन ती उचलत नाही ना, मग व्हॉट्सअॅपवर बोलून पाठव. कारणं सांगू नको. लग्न, पुणं, मृग, काहीच नको. आपल्या बोलीत एवढंच म्हण, "ताई, तुह्या नंबर मी मांगं टाकला, चुकलंच माह्यं. मी येऊन राह्यली." सारवासारव केलीस की ती पुन्हा दुखावेल.

तिथं पोचल्यावर परतीचा विषय एकदाच काढ, आणि तोही दिवाळीच्या तारखा धरून. फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. थंडीत हजारो कुरजा पक्षी लांबून तिथं उतरतात आणि गावातले लोक त्यांना दाणे घालतात. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना आणि ह्यांनाही घेऊन जा, तोवर सोयाबीनही निघालेलं असेल. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा सुट्टीचं पहिलं तिकीट फलोदीचं काढ, पुण्याचं नंतर पाहता येईल.

सध्याचं मात्र तत्काळमध्येच काढावं लागेल. स्लीपरचं आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडतं, जोधपूरपर्यंतचं बघ. तिथून फलोदी 140 किलोमीटरच्या आसपास आहे. तिकीट निघालं की त्याचा फोटो ताईला पाठव. तिनं उत्तर नाही दिलं तरी पाठव आणि पिशवी भरायला घे.