पॅकअपची खरी वेळ लिही

पोरी,

रात्री दोनला तुझा मेसेज आला तेव्हाच ओळखलं, आज फिल्मसिटीत पुन्हा वाजलं. दिग्दर्शक आणि हिरॉइनचं फाटलं, निर्माता तिचा सख्खा भाऊ, कॅमेरामन दिग्दर्शकाचा कॉलेजपासूनचा दोस्त, आणि या व्हॅनिटीतून त्या व्हॅनिटीत निरोप्या तू. बाजू कोणाची घेऊ, विचारतेस. कोणाचीच नाही. तुझ्या हातात दिवसाचा रिपोर्ट आहे, शूटिंग किती वाजता संपलं ते त्यातच लिहायचं. पॅकअपची खरी वेळ लिही.

संसार आणि शूटिंग एकात एक गुंतणं या धंद्याला नवं नाही. दादासाहेब फाळके दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करून वर फिल्मच्या कडांना छिद्रंही पाडायच्या. १९१३ साली सिनेमा लागला. बाईंचे तास कोणी मांडले होते? जाऊ दे, भलतीकडे गेले.

काल दहाच्या जागी आठ लिही म्हणाले ना तुला? म्हणे, हिरॉइनमुळे खोळंबा झाला हे कागदावर नको. तिची अब्रू झाकायची, आणि दोन तास ताटकळलेल्या लाइटदादाचे जादा पैसे बुडवायचे! तो विरारला राहतो. रात्रीच्या रिक्षाचे पैसे खिशातून घालतो. त्याचं कोणाशी ब्रेकअप झालंय? खरी वेळ लिही.

मी अशीच अडून बसले होते. त्या निर्मात्याने पुन्हा बोलावलं नाही, ते एक वेळ ठीक. पण दिग्दर्शक माझा जवळचा मित्र. त्याने बोलणंच टाकलं. ते अजून लागतं. भांडकुदळ म्हणतात मला. असेन. पण माझा रिपोर्ट असला की लाइटदादा स्वतःची वेगळी वही ठेवत नसत. आणि खोटं लिहून तरी ती दोस्ती टिकली असती कशावरून?

तर ऐक. रोज सहीआधी रिपोर्टचा फोटो काढून ठेव. निरोप पोचवणं आजपासून बंद, मोबाइल दोघांकडेही आहेत. आणि हिरॉइन दिग्दर्शकाने दिलेली अंगठी आता घालणार नाही म्हणते, पण शूट झालेल्या अर्ध्या सीनमध्ये ती बोटात दिसतेय. तिला समजावत बसू नकोस. कॉस्च्युमवाल्याला फोटो दाखव आणि सकाळच्या आत तशीच दुसरी मागव.

तुझी
ताई