शाळेत नव्यानं समुपदेशक झालेल्या ताईंना

अभिनंदन, ताई! सुरुवातीला फक्त ऐकायला शिका. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे मूल दोन वाक्यं बोललं की लगेच उपदेश सुरू. "टेन्शन येतं" म्हणणाऱ्या दहावीच्या मुलाला वेळापत्रक आखून देऊ नका. घरी मार्कांबद्दल काय बोलतात, ते विचारा. तो गप्प बसला तर बसू द्या.

- "कुणालाही सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगा.
- आत्महत्येचे विचार येतात का, थेट विचारा. विचारल्यानं ते मनात पेरले जात नाहीत. "हो" आलं तर मुलाला एकटं सोडू नका, पालकांना त्याच दिवशी बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक जवळ ठेवा.

चाचण्या, थेरपीचे प्रकार सध्या राहू द्या.