वकिली ऑफिसचा जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की काकांचं बेळगावात वकिलीचं ऑफिस आहे, पक्षकार खानापूर, निपाणी, चंदगड सगळीकडचे, इतकी वर्षं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर चाललं, आता ऑनलाईन चालणारं नवीन घेतलंय आणि व्हेंडर, म्हणजे ते विकणारा, म्हणतोय दोन दिवसांत सगळा डेटा टाकून देतो, तर त्याच्यावर सोडावं का.

मी बेळगावात वकिलांच्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं करतो, त्यामुळे हे काम जवळून बघितलंय. डेटा चढवायचं काम व्हेंडरवर खुशाल सोडा, पण काय चढवायचं आणि चढलेलं बरोबर आहे का, हे तुमच्या ऑफिसातल्या जुन्या क्लार्कशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. व्हेंडरला रकाने दिसतात, त्या रकान्यात काय लिहिलंय आणि का लिहिलंय ते क्लार्कला माहीत असतंय. त्यांना पहिल्या दिवसापासून शेजारी बसवा, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडं कोर्टाची धावपळ देऊ नका.

आधी फॉक्सप्रोचं सांगतो, कारण तिथंच जास्त घोळ होतात. सॉफ्टवेअरचं फोल्डर उघडलं की डीबीएफ नावाच्या फाईली दिसतात आणि बरेच जण तेवढ्याच पेनड्राईव्हवर घेऊन व्हेंडरला देतात. पण शेरा, कोर्टात काय झालं, पक्षकाराला काय सांगितलं असा मोठा मजकूर बहुतेक वेळा डीबीएफमध्ये नसतोच, तो त्याच नावाच्या एफपीटी फाईलमध्ये असतो. ती सोबत गेली नाही तर केस येते, तारीख येते, आणि वर्षानुवर्षांचे शेरे मागं राहतात, वर केसेसचा आकडा बरोबर जुळतो त्यामुळे लगेच कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करायचं, एकही फाईल न गाळता.

दुसरी गोष्ट, फॉक्सप्रोत एंट्री डिलीट केली तरी ती लगेच जात नाही, तिच्यावर नुसती खूण होते, आणि पॅक हा आदेश चालवला तरच ती खरी जाते. एक्स्पोर्ट करणाऱ्याने ती खूण बघितली नाही तर कधीच्या काढून टाकलेल्या चुकीच्या आणि डबल एंट्र्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये जिवंत होऊन येतात. आणि कुठंही ३० डिसेंबर १८९९ अशी तारीख दिसली तर समजा की तिथं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख रिकामी होती. हे क्लार्कना आधीच सांगून ठेवा.

आता एक्सेल. व्हेंडर बहुतेक सीएसव्ही फाईल, म्हणजे रकाने स्वल्पविरामानं तोडलेली साध्या मजकुराची फाईल, देईल आणि म्हणेल एकदा तपासून द्या. ती एक्सेलमध्ये नुसती डबल क्लिक करून उघडू नका. 'ओएस' (ओरिजिनल सूट, म्हणजे मूळ दिवाणी दावा) एका रकान्यात आणि '५/२०१९' दुसऱ्या रकान्यात असेल तर एक्सेल त्या नंबरची तारीख करून टाकतंय, तिथं 'मे-१९' असं काहीतरी दिसतंय, आणि तसंच सेव्ह केलं की केसचा नंबर गेला. ५, ७, ११ अशा बारापर्यंतच्या नंबरांनाच हे होतं, १३ च्या पुढचे नंबर नीट राहतात, म्हणून वरवर चाळून सापडत नाही. फाईल एक्सेलच्या डेटा मेनूतून इम्पोर्ट करायची आणि रकाना टेक्स्ट म्हणून घ्यायचा. तारखांचंही बघा, सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीवर सेट असेल तर ४ ऑगस्टची तारीख ८ एप्रिल होऊन बसेल, आणि ही चूकसुद्धा महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच लपून राहते.

केसची ओळख कशावरून ठेवायची हा आपल्या सीमाभागातला खरा अवघड भाग. ओएस ४५/२०१८ हा नंबर बेळगावात असू शकतो, खानापुरात असू शकतो, चिकोडीतही असू शकतो. त्यात महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजची कामं असतील तर तिकडं दिवाणी दावा आर.सी.एस. नाहीतर एस.सी.एस., अंमलबजावणीला दरखास्त, आणि आपल्याकडं कर्नाटकात त्यालाच ओ.एस. आणि ई.पी. बंगळूर-पुण्याच्या व्हेंडरला हे दोन्हीकडचं एकत्र माहीत नसतं, तो एकाच राज्याची यादी टाकून मोकळा होतो आणि बाकीचं सगळं 'इतर' मध्ये ढकलतो. क्लार्कना बसवून केसच्या प्रकारांची यादी दोन्ही राज्यांची वेगळी करून घ्या. त्यापेक्षा पक्की ओळख म्हणजे सीएनआर नंबर, कोर्टांच्या ई-कोर्ट्स या सरकारी साईटवर प्रत्येक केसला असतो तो, सोळा अक्षर-आकड्यांचा, तालुका-जिल्हा कोर्टातली केस कर्नाटकातली असली तर सुरुवात केए, महाराष्ट्रातली असली तर एमएच. चालू असलेल्या प्रत्येक केसचा सीएनआर ई-कोर्ट्सच्या साईटवरून काढून रकान्यात भरून घ्या. कंटाळवाणं काम आहे, ज्युनिअर कुरकुर करतील, पण एकदा तो नंबर बसला की पुढची तारीख पडताळता येते, डबल केस पकडता येते. अपिलाचा सीएनआर वेगळा असतो, त्यामुळे मूळ दावा, जिल्हा कोर्टातलं अपील आणि हायकोर्टातलं अपील हे एकमेकांना जोडायची सोय नव्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते आधी विचारा. खूप जुन्या निकाली केसेसना सीएनआर मिळेलच असं नाही, तिथं कोर्टाचं नाव, प्रकार, नंबर, वर्ष हे चारही एकत्र धरा.

हायकोर्टाचंही तसंच. जुन्या डेटात नुसतं 'हायकोर्ट' लिहिलेलं असतं. धारवाडचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचं मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये कायम झालं, त्याआधीचं सगळं बंगळूरला, आणि चंदगडकडचं अपील मुंबईला जायचं ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहे. चार ठिकाणं आणि शब्द एकच, मग व्हेंडरची मशीन ते कसं ओळखणार? फाईल बघूनच भरावं लागतं. गावाच्या नावाचंही, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे एकच कोर्ट डेटात तीन-चार स्पेलिंगनं असतंय. कोर्टाच्या यादीत ते एक करा, पण जुन्या कागदांच्या नावात आणि मजकुरात बदल करू नका, कागदावर जे छापलंय तेच राहू दे.

फॉन्टमुळे माणूस वैतागतो. कन्नड मजकूर नुडीत नाहीतर बरहमध्ये, मराठी श्रीलिपीत, आणि मधेच इंग्रजी. जुन्या फॉन्टमध्ये दिसायला कन्नड-मराठी असलं तरी आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, त्यामुळे युनिकोडवाल्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या, नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते गेलं की विचित्र चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर मिळतात, काम करतात, पण एकाच रकान्यात मराठी आणि इंग्रजी मिसळलेलं असेल तर कन्व्हर्टर इंग्रजी शब्दाचीही वाट लावतो. आधी रकाने भाषेप्रमाणे वेगळे काढायला सांगा, प्रत्येक फॉन्टचे थोडे नमुने करून बघा, आणि कन्नड वाचणाऱ्याने कन्नड, मराठी वाचणाऱ्याने मराठी तपासायचं. नावांमध्ये जोडाक्षरं आणि रफार फार बिघडतात, आणि पक्षकाराचं नाव नोटिशीत चुकलं तर त्याचा त्रास कुणाला होतो ते तुम्हाला सांगायला नको.

नावावरून आठवलं, 'डुप्लिकेट पक्षकार एक करा' असं बटण नव्या सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि व्हेंडर ते मोठ्या उत्साहानं वापरतो. वापरू देऊ नका. एका गावात मारुती पाटील नावाचे किती निघतील बघा, आणि जमिनीच्या दाव्यात तर एकाच नावाचे चुलत भाऊ समोरासमोर असतात. दोघांची खाती एक झाली तर एकाचे कागद दुसऱ्याच्या नावावर दिसणार, आणि समोरची पार्टी आधी आपल्याकडं आली होती का हे तपासायची सोयच बिघडणार. वडिलांचं नाव, गाव आणि फोन तिन्ही जुळल्याशिवाय एक करायचं नाही, आणि तेही क्लार्क 'होय' म्हणाल्यावर.

फौजदारी केसेस असतील तर कलमांकडं नीट बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनं आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिताच लागते. जुन्या डेटात नुसतं '३०२' लिहिलेलं असतं, कायद्याचं नाव कुणी लिहीत नव्हतं कारण गरजच नव्हती. आयपीसीत ३०२ म्हणजे खून, न्याय संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं, आणि खुनाची शिक्षा तिथं १०३ मध्ये. म्हणून प्रत्येक कलमापुढं कायद्याचं नाव जोडूनच डेटा चढवायचा, आणि जुनी कलमं आपोआप नव्यात बदलून देतो असं व्हेंडर म्हणाला तर सरळ नको म्हणायचं.

मुदतींचं तर मी हात जोडून सांगतो. नवीन सॉफ्टवेअर तारखांवरून आपणच मुदत काढतं, कैफियतीला (दाव्याला प्रतिवादीनं द्यायच्या लेखी उत्तराला) ३० दिवस आणि फार तर ९०, जिल्हा कोर्टातल्या दिवाणी अपिलाला ३०, हायकोर्टाला ९०. पण जुन्या डेटात 'निकाल तारीख' या रकान्यात काही ठिकाणी निकालाची तारीख असते, काही ठिकाणी नक्कल मिळाल्याची, आणि नकलेसाठी लागलेला काळ मुदतीतून वगळायचा असतो हे सॉफ्टवेअरला धड कळत नाही. चालू केसेसच्या सगळ्या मुदती वकिलांनी स्वतः फाईल उघडून भराव्यात, आयात करूच नयेत. ह्याला वेळ लागतो म्हणून लोक टाळतात, पण पक्षकाराची जमीन जाते ती अशाच एका चुकलेल्या तारखेनं, आणि ती नंतर परत आणता येत नाही.

स्कॅन केलेल्या कागदांचं थोडक्यात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक फक्त फाईलचा पत्ता असतो, फाईल दुसऱ्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवर, तर ते आधी शोधून ठेवा. पक्षकारानं दिलेलं मोबाईल रेकॉर्डिंग, फोटो, व्हिडिओ असं काही पुराव्याचं असेल तर मूळ फाईल हात न लावता वेगळी ठेवायची, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळखीचा कोड, द्यावी लागते आणि अपलोड करताना सॉफ्टवेअरनं फाईल थोडी जरी बदलली तरी ती व्हॅल्यू बदलते.

हिशोबाचं मत माझं असं की जुन्या सगळ्या पावत्या नेत बसू नये, ३१ मार्चची बाकी काढून ती सुरुवातीची म्हणून टाकावी आणि जुनं लेजर छापून बांधून ठेवावं. फक्त फी वेगळी आणि पक्षकाराचे कोर्ट फी-खर्चासाठी ठेवलेले पैसे वेगळे, हे दोन एकत्र होऊ देऊ नका, बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पक्षकाराच्या पैशाचा हिशोब तारखेसह ठेवावाच लागतो.

वेळ कुठली धरायची विचाराल तर मे महिन्याची सुट्टी. दसऱ्याला आपल्याकडं कोर्टाला सुट्टी असते पण महाराष्ट्रात ती दिवाळीला, त्यामुळे दोन्हीकडं काम असलेल्या ऑफिसला ऑक्टोबरात मोकळीक मिळतच नाही. मे मध्ये दिवाणी कामं दोन्हीकडं थांबलेली असतात. एक संध्याकाळ ठरवा, त्यानंतर जुन्यात एकही एंट्री नाही. कोर्टं उघडली की पहिला महिना रोज सकाळी तीन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या, क्लार्कची कागदी डायरी, नवीन सॉफ्टवेअरचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी), आणि ई-कोर्ट्सवरची तारीख, आणि फरक दिसला की त्याच दिवशी दुरुस्त करायचा. जुना कॉम्प्युटर विकू नका, नेटवरून काढून तसाच ठेवा.

आणि व्हेंडरकडून दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली गुप्ततेची, कारण वकील, त्यांचे क्लार्क आणि कर्मचारी साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने बांधलेले असतात, पण डेटा बघणारा व्हेंडरचा माणूस तुमचा कर्मचारी नाही. दुसरी, उद्या तुम्ही हे सॉफ्टवेअर सोडलंत तर शेऱ्यांसकट, कागदांसकट सगळा डेटा साध्या उघडता येणाऱ्या फाईलींमध्ये परत मिळेल. आमच्या ओळखीच्या एका ऑफिसला आधीच्या व्हेंडरनं फक्त पीडीएफ काढून दिल्या आणि त्या ऑफिसातल्या पोरांना महिनोन्‌महिने हातानं टाईप करत बसावं लागलं. लिहून द्यायला तयार नसेल तर ॲडव्हान्स देऊ नका.

तुमच्याकडचे शेरे नुडीत आहेत की श्रीलिपीत, आणि एफपीटी फाईली जाग्यावर आहेत का, एवढं बघून खाली लिहा, पुढचं त्याप्रमाणे सांगतो.