वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉपवरचे मीटर कोणते लावावे?

प्रश्न : विंडोज ७ मध्ये पडद्याच्या उजवीकडे घड्याळ आणि प्रोसेसरचे काटे दाखवणारी गॅजेट्स होती. विंडोज १० वर ती परत आणणारे पॅक नेटवर मिळतात. टाकावेत का? की रेनमीटर (असेच मीटर दाखवणारा प्रोग्रॅम) बरा? मशिनला ४ जीबी रॅम आहे, काम फोटोशॉप आणि डीटीपीचे.
— डीटीपी व्यावसायिक, पंचवटी

उत्तर : गॅजेट्स टाकू नका. गॅजेट म्हणजे वेबपानासारखाच एचटीएमएल आणि स्क्रिप्टचा तुकडा, पण ब्राउझरच्या कुंपणाबाहेर, तुमच्या खात्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालणारा. म्हणूनच जुलै २०१२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने ती बंद ठेवायला सांगितले आणि विंडोज ८ मधून काढूनच टाकली.

रेनमीटर मोफत आहे आणि ४ जीबीवर आरामात चालतो. मशिन जड करतात त्या वर चढवलेल्या स्किन (पडद्यावर दिसणारे मीटरचे तयार देखावे). स्किनवर राइट क्लिक करून 'एडिट स्किन' घ्या. फाइलच्या सुरुवातीलाच 'अपडेट' अशी ओळ दिसेल (अर्थात इंग्रजी अक्षरांत). पुढचा आकडा मिलिसेकंदांचा. १००० म्हणजे सेकंदाला एकदा. दिखाऊ स्किनमध्ये तो २५ असतो, म्हणजे सेकंदाला ४० वेळा आकडेमोड करून चित्र नव्याने काढायचे. तुम्ही २००० ठेवा. डिस्कची मोकळी जागा काही दोन सेकंदांत बदलत नाही. फाइलीतल्या तिच्या मेझरखाली (मोजणीच्या भागात) 'अपडेट-डिव्हायडर' ३० लिहिले की ती मिनिटाला एकदाच मोजली जाईल. फाइल सेव्ह करून स्किन 'रिफ्रेश' करा, नाहीतर जुनाच आकडा चालू राहतो.

तुमच्या कामाला प्रोसेसर, रॅम आणि सी ड्राइव्हची जागा एवढ्या तीन ओळी पुरेत. रॅम कमी पडली की फोटोशॉप स्क्रॅच फाइल (कामापुरती तात्पुरती फाइल) डिस्कवर लिहितो, आणि वेगळा ड्राइव्ह निवडला नसेल तर ती सी वरच जाते. म्हणून तिसरी ओळ गाळू नका. हवामानाची स्किन मात्र नकोच. अशा बऱ्याच स्किन एखाद्या वेबसाइटच्या पानातून आकडे उचलतात. त्या पानाची मांडणी बदलली की स्किन कोरी पडते.

प्रश्न : वर्कशॉपमधला संगणक दुपारी दोननंतर संथ होतो, सकाळी ठीक असतो. टास्क मॅनेजरमध्ये तापमान दिसत नाही. कशात बघावे?
— लघुउद्योजक, अंबड एमआयडीसी

उत्तर : टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचे तापमान दाखवतो, प्रोसेसरचे नाही. त्यासाठी एचडब्ल्यू-इन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम घ्या आणि सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली'वर खूण करा. ओपन हार्डवेअर मॉनिटर हा तसाच दुसरा प्रोग्रॅम टाळा. त्याचा विनरिंग-झीरो हा ड्रायव्हर सदोष आहे आणि २०२५ पासून विंडोज डिफेंडर त्याला अडवतो. तो इशारा दाबून पुढे जाऊ नका.

आता मोजणी. सकाळी आणि दुपारी तेच काम, तेच सॉफ्टवेअर वीस मिनिटे चालवा आणि दोन्ही वेळी 'मॅक्सिमम'चा रकाना टिपून ठेवा. खोली १२ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. सकाळी ७० असलेला प्रोसेसर एप्रिलच्या दुपारी ८२ वर गेला तर तो फक्त नाशिकचा उन्हाळा. पण आकडा १०० ला टेकला, 'थर्मल थ्रॉटलिंग'समोर 'येस' आले आणि त्याच वेळी क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली आला, तर संथपणाचे कारण सापडले. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग कमी करतात.

मग वायर काढून कॅबिनेट वर्कशॉपबाहेर न्या आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमधली धूळ ब्लोअरने काढा. पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने भरधाव फिरला तर बेअरिंग जाते. ग्राइंडिंगची धूळ लोखंडाची असते आणि त्यातून वीज वाहते, त्यामुळे झोत बोर्डावर न मारता बाहेरच्या दिशेने मारा. एवढ्याने उतार पडला नाही तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदला. मटारच्या दाण्याएवढी पुरते.

हे तापमान रेनमीटरवर कायम हवे असेल तर एक अडचण आधीच सांगतो. एचडब्ल्यू-इन्फोच्या मोफत आवृत्तीत 'शेअर्ड मेमरी' (दुसऱ्या प्रोग्रॅमला आकडे देण्याची सोय) १२ तासांनी बंद होते आणि आकडा गोठतो. त्याऐवजी सेन्सरच्या सेटिंगमधल्या 'गॅजेट' टॅबमधून हवा तो सेन्सर चालू करा. आकडे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग साठवायच्या जागेत) लिहिले जातात, रेनमीटरचे रजिस्ट्री मेझर ते तिथून वाचते, आणि १२ तासांची अट लागत नाही.

प्रश्न : उबुंटूवर कॉन्की (डेस्कटॉपवर मीटर दाखवणारा प्रोग्रॅम) लावली. डेस्कटॉपवर क्लिक केले की गायब होते, आणि नेटचा वेग कायम शून्य.
— विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. कॉन्कीच्या सेटिंगच्या फाइलीत विंडोचा प्रकार 'डेस्कटॉप' असेल तर तो 'नॉर्मल' करा आणि हिंट्समध्ये अनडेकोरेटेड, बिलो, स्टिकी, स्किप-टास्कबार, स्किप-पेजर लिहा. चित्र लुकलुकत असेल तर डबल-बफर चालू करा. वेग शून्य येतो कारण नेटवरून उतरवलेल्या जुन्या फाइलींत नेटवर्क कार्डाचे नाव 'ईटीएच-शून्य' असते. टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' ही आज्ञा देऊन तुमच्या कार्डाचे खरे नाव बघा आणि फाइलीत जिथे जिथे जुने नाव आहे तिथे ते घाला. फाइल कॉन्कीच्या १.१० च्या आधीच्या आवृत्तीची असेल तर तिची रचनाही जुनी असते, १.१० पासून ती लुआ भाषेत लिहितात.

प्रश्न : विंडोज ११ च्या विजेट्समध्ये रॅम दिसते का? वेगळे काही टाकायचे नाही.
— गृहिणी, सिडको

उत्तर : त्या फलकावर मुख्यतः बातम्या आणि हवामान असते. तुम्ही विंडोज आणि जी ही बटणे एकत्र दाबा, गेम बारमधला 'परफॉर्मन्स' उघडा आणि त्यावरची पिन दाबा. प्रोसेसर आणि रॅमचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात राहतील.