इसाबेला राणी नावालाच होती काय?

प्रश्न : सर नमस्कार, ग्रीसमध्ये फ्रेंच सरदारांचं अखाया म्हणून एक राज्य होतं असं वाचलं, त्यात इसाबेला राणीपण होती म्हणे. ती खरंच राज्य करायची काय नुसती नावालाच होती? आणि फ्रेंच लोक तिथं पोचले कसे? जरा सविस्तर सांगा की.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पोचले ते धर्मयुद्धाच्या, म्हणजे जेरुसलेम जिंकायला निघालेल्या ख्रिश्चन मोहिमांच्या नावाखाली. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ सालची, बरोबर त्याच साली चौथ्या धर्मयुद्धातल्या फौजेनं जेरुसलेम सोडून कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूलच लुटलं, तेही ख्रिश्चनांचंच शहर, आणि मग जो तो मिळेल तो मुलूख घेत सुटला. ग्रीसचं दक्षिण टोक, म्हणजे मोरिया, शांप्लितचा विल्यम आणि व्हिलअर्दुआंचा जॉफ्री या दोघांनी जिंकलं, तेच हे अखाया राज्य. विल्यम वारसा घ्यायला फ्रान्सला निघाला तो वाटेतच वारला, राज्य जॉफ्रीच्या घराण्यात आलं.

इसाबेलाचा बाप दुसरा विल्यम, जॉफ्रीचा धाकटा मुलगा. जन्म कालामाताच्या किल्ल्यात, ग्रीक अस्खलित. १२५९ ला पेलागोनियाच्या लढाईत ग्रीक बादशहाच्या फौजेकडून हरला आणि गवताच्या ढिगात लपला, पण पुढं आलेल्या दातांवरून ओळखला गेला. सुटकेसाठी मोनेमव्हासिया, मायना आणि स्वतः बांधलेला मिस्त्रा असे तीन किल्ले द्यायचं ठरलं. सरदार मेलेले नाहीतर कैदेत, म्हणून हा सौदा मान्य करायला निक्लीला जी सभा बसली तिच्यात बहुतेक त्यांच्या बायकाच होत्या. अथेन्सच्या सरदाराचा विरोध होता, तरी त्या बायकांनी होकार दिला. मला तर या सगळ्या इतिहासात ही सभाच सगळ्यात मोठी वाटते.

आता तुमचा मुद्दा. किल्ले गेल्यावर विल्यमला पाठबळ पाहिजे होतं, म्हणून १२६७ ला त्यानं इटलीतल्या नेपल्सच्या चार्ल्स राजाशी करार केला की इसाबेला चार्ल्सच्या मुलाला द्यायची, आणि तो मुलगा निपुत्रिक मेला तरी राज्य चार्ल्सलाच. पोरीचा हक्क बापानंच लिहून दिला! कित्तूरची वारसाची भांडणं ऐकत मोठं झालेल्या आपल्या भागातल्या माणसाला यातला अन्याय वेगळा समजावून सांगायला नको. नवरा १२७७ ला गेला, बाप १२७८ ला, आणि राज्य चार्ल्सनं घेतलं.

१२८९ ला नेपल्सच्या पुढच्या राजानं तिचं एनोच्या फ्लोरेंतशी लग्न लावून राज्य परत दिलं, पण अट घातली की विधवा झाली तर नेपल्सच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही, आणि तीच अट मुलीलाही. फ्लोरेंत १२९७ ला वारला. १३०१ ला तिनं परवानगी न घेता सॅव्हॉयच्या फिलिपशी लग्न केलं, राजानं तेव्हा नाइलाजानं मान्य केलं पण पुढं राज्य काढून घेतलंच. म्हणजे नुसती नावाला नव्हती, गादीवर हक्क तिचाच होता, दोरी मात्र नेपल्सच्या हातात.

मुलगी माओचे हाल तर याहून वाईट. दुसरा नवरा १३१६ ला गेल्यावर नेपल्सच्या राजानं तिला आपल्या भावाशी जबरदस्तीनं लग्न करायला भाग पाडलं. ती पोपसमोर ठामपणे म्हणाली की माझं गुपचूप दुसऱ्याशी लग्न झालंय, तर तेच कारण धरून हक्क जप्त केला आणि तिला कैदेत टाकलं. तशीच ती १३३१ ला वारली. राज्य पुढं १४३२ पर्यंत चाललं, शेवटचा राजा जिनोव्हाच्या झाकारिया घराण्यातला.